वडनेरहून आलेली लिनक्सची मागणी

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळ. पवनार, माहेरची ओसरी.
हजर : बाबा, माय, माझा धाकटा भाऊ, वडनेरचे मामा आणि मी. गैरहजर : माझे यजमान, कारण वर्ध्याचं दुकान उघडं ठेवणं भाग होतं.
विषय एकच : आपल्या गेमची लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढायची की नाही.

घरच्या बैठकीची नोंद मी अशीच सुरू करते आणि घरातले दर वेळी हसतात. सवय दुकानाची आहे. आमचं बियाणं-खतांचं दुकान, तिथे यादी केल्याशिवाय शटरसुद्धा वर जात नाही. भावाच्या कामालाही मी तीच शिस्त लावली. त्याचं काम म्हणजे कॉम्प्युटरवर खेळायचे गेम तयार करणं. कोड तो लिहितो. खरेदीदारांच्या पत्रांना उत्तरं, तक्रारींची यादी, कराचे कागद हे सगळं माझ्याकडे.

गेम आतापर्यंत एकच झाला होता. भाऊ पुण्यात नोकरीला होता, लॉकडाउनमध्ये लॅपटॉप घेऊन पवनारला आला तो परत गेलाच नाही. बाबांचा भाजीचा मळा धाम नदीच्या काठी. तो रोज पहाटे बाबांबरोबर मळ्यात जायचा आणि दुपारी शेवग्याखाली बसून त्याच मळ्याचा गेम करायचा. खेळणाऱ्याने अंधारात सांबार उपटायचा, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मग जुड्या बांधायच्या, वांगी-भेंडी कॅरेटमध्ये भरायची, लोडिंग ऑटोत लादायची आणि पूल ओलांडून उजाडायच्या आत बाजार गाठायचा. वाटेत पाणी शिंपडलं नाही तर सांबार माना टाकतो. एवढंच. बंदूक नाही, मारामारी नाही. मला वाटलं होतं, हे विकत कोण घेणार? पण घेतलं लोकांनी. जिथे अर्धं वर्ष बर्फ असतो अशा गावांतून पत्रं आली की ऑफिसातून दमून आलो की आम्ही तुमचा सांबार विकतो आणि बरं वाटतं. बाबांना मी ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्याईले म्हणा, इकडेच या. खराच विका. मी झोपतो."

नंतर विक्री ओसरली. दुसरा गेम त्याला सुचेना. सुचला की चार दिवसांनी तो स्वतःच मोडीत काढायचा. गावात कोणी सहज विचारलं, "सध्या का चालू हाये?" की तो त्या रस्त्याने जाणंच सोडून द्यायचा. अशात बंगलोरच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली. उत्तर महिनाअखेरीपर्यंत हवं होतं. त्याच सुमारास, गेम विकणाऱ्या साइटवर आमच्या गेमचं जे पान आहे तिथे, दोन अनोळखी माणसांनी विचारलं होतं, लिनक्सवर हा गेम कधी येणार? म्हणून ही बैठक.

मी मुद्दे लिहून नेले होते. लिनक्सवाले थोडे. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत त्यांचं पत्र क्वचितच असायचं. काम मात्र मोठं, कारण चित्रं, आवाज, की-बोर्ड सगळंच पुन्हा तपासावं लागणार. मी तिसऱ्या मुद्द्यावर येत होते, तेवढ्यात मामांनी हात वर केला.

"थांब वो बाई. आधी हे लिनक्स का हाये ते सांग. कोन्या कंपनीचं?"

"कोणत्याच कंपनीचं नाई मामा," भाऊ म्हणाला. "विंडोज असते न, तसंच, पण लोकाईनं मिळून बनवलं. फुकट भेटते."

"फुकट भेटते तं मंग सगळे काऊन नाई घेत?"

"ते सोडा. तुमच्या विहिरीवर थ्री फेजची मोटर आहे न? ती सिंगल फेजवर लावली तं?"

"घुं घुं करन. मंग जळन."

"तसंच आहे. आपला गेम विंडोजच्या लाइनवर बनला. लिनक्सची लाइन वेगळी. तिच्यावर चालवाचा असन तं वाइंडिंग नव्यानं करा लागते."

"पण त्याईच्याकडे कन्डेन्सर आहे म्हणतात," मी म्हटलं. हाच माझा तिसरा मुद्दा होता. लिनक्सवाल्यांनी एक मधलं सॉफ्टवेअर तयार केलेलं आहे. ते लावलं की विंडोजचा गेम लिनक्सवर जसाच्या तसा चालतो. "दोन फेजवर कन्डेन्सर लावून आपण मोटर चालवतोच न? मंग नवं वाइंडिंग कायले?"

"कन्डेन्सरवरची मोटर काई खरी नाई," बाबा म्हणाले. मोटारी जाळण्याच्या बाबतीत बाबांचा शब्द आमच्याकडे शेवटचा असतो.

माय तुरीच्या शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "तुमचं फेज-बिज राहू द्या. त्या लिनक्सवाल्याइले आपला सांबार पाह्यजे का नाई, तेवढं सांगा."

"तेच तं माहीत नाई न माय." भावाने लॅपटॉप मिटला. "असं करू. गेमच्या पानावर विचारतो, ज्याले लिनक्सवर पाह्यजे त्यानं इथं लिहा. महिनाअखेरपर्यंत चांगली मागणी आली तं थांबतो अन् बनवतो. नाई आली तं बंगलोरवाल्याइले हो म्हणतो."

मी ते तसंच लिहून घेतलं. पुढे बराच वेळ आम्ही लिनक्सबद्दलच बोललो. चहा झाला, मामांनी फेजचा प्रश्न आणखी दोनदा काढला. जाऊ नको, असं कोणीच म्हणालं नाही. बाबा नाही, माय नाही, मीही नाही. पस्तिशीच्या माणसाला जाऊ नको म्हणायचं तर पुढे काय म्हणायचं, ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

पहिले काही दिवस पानावर शांतता होती. ते दोन अनोळखी माणसांचे प्रश्न, त्याखाली भावाची विचारणा, बस. मग संक्रांत झाली, हळदीकुंकवं सुरू झाली आणि एका दुपारी दुकानात बसल्या बसल्या मी पान उघडलं, तर मागण्यांची रांग लागलेली. सगळ्या मराठीत. पहिली अशी :

"प्रति, मा. व्यवस्थापक साहेब, लिनक्स विभाग. विषय : लिनक्स मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करतो की, मी लहानपणापासून लिनक्सचा नियमित वापर करीत असून सदर गेम लिनक्समध्ये उपलब्ध नसल्यामुळे माझी फार गैरसोय होत आहे. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा."

दुसरी तशीच. तिसरी तशीच, फक्त शेवटी "दोन नग पाठवावे" एवढं जास्त. एकाने "सोबत सातबारा जोडला आहे" असं लिहून खरंच सातबाऱ्याचा फोटो टाकला होता. गाव वडनेर, तालुका हिंगणघाट. त्याखाली कुठल्याशा परदेशी खेळाडूने विचारलं होतं की हा कसला नकाशा आहे, गेमचा पुढचा भाग येतोय का?

मी मामांना फोन लावला.

"मामा, हे तुमचं काम हाये का?"

"माहं काऊन? लोकाईचं हाये. ऑनलाइनच्या दुकानात रांग लागलती रांग!" वडनेरला ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एक दुकान आहे. पीकविम्यापासून परीक्षेपर्यंत सगळे अर्ज तिथूनच जातात. "थो ऑनलाइनवाला भल्ला हुशार हाये. म्हणे, मजकूर मी लावतो, तुम्ही फक्त नाव सांगा."

"अवो पण त्याईच्याकडे लिनक्स हाये का? कॉम्प्युटर तरी हाये का?"

"हाये न."

"कोणाकडे?"

"ऑनलाइनवाल्याकडे."

मी फोन ठेवला आणि दुकान यजमानांवर सोपवून पवनारची बस धरली. माय घरी नव्हती, शेजारच्या आळीत हळदीकुंकवाला गेलेली. तिथल्या दारातच मला ती भेटली, आणि मागून त्या घरची बाई सांगत होती, "चिंता करू नका, आमचे हे आज टाकतात तुमचं लिनक्स." मग मला कळलं की मायचा सबंध संक्रांतीचा फेरा याच कामाला लागला होता. ज्या घरी जाईल तिथे वाण घ्यायचं आणि लिनक्स मागायला सांगायचं. वडनेरची बाजू मामांनी धरली होती.

घरी येताना मी तिला समजावून सांगायला गेले. मागणी म्हणजे गरज असलेल्या लोकांची मागणी. यांना काय करायचं आहे ते घेऊन?

तिने मला सगळं बोलू दिलं. मग म्हणाली, "तुयं दुकान उघडलं तवा पहिल्या दिवशी कोण आलतं?"

"सगळेच आलते."

"बोहनीले आलते. तुई मोठी जाऊ फवारणीचा पंप घेऊन गेलती. तिच्याकडे वावर हाये का?"

नाही. मोठी जाऊ शाळेत शिकवते. तो पंप अजून तिच्या माळ्यावर आहे, खोक्यातून न काढलेला.

"मंग तवा तू म्हटलं का तिले, तुमाले गरज नाई, ठेवा खाली?" माय म्हणाली. "बोहनीले आलेल्या माणसाले असं कोणी इचारते का बाई? तो म्हणते मागणी आली तं थांबतो. मी मागणी आणून राह्यलो. तू त्याले काई सांगू नको."

सांगायचं नाही, हे ठीक. पण तो काय आंधळा होता? मी मळ्यात गेले. तो शेवग्याखाली बसला होता. मला बघून त्याने नुसता लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

"ताई, सातबारा पाह्यला?"

आणि आम्ही दोघं हसायला लागलो. इतके की बाबा वांग्याच्या ओळीतून उभे राहून आमच्याकडे बघू लागले. "वडनेरात एवढं लिनक्स आहे, मले माहीतच नवतं," तो म्हणाला. "लहानपणापासून वापरून राह्यले लोक. अन् विभागच काढून दिला आपल्याले, लिनक्स विभाग. तू त्याची मोठी साहेब."

हसून झाल्यावर तो म्हणाला, "करतो मी."

"अरे पण हे गिऱ्हाईक नाई."

"नाईच. तुहे तिन्ही मुद्दे बरोबर आहेत. पण महिनाअखेर मायले का सांगू? मागणी आली नाई, असं सांगू? ती कोणाकोणाच्या घरी जाऊन आली असन." त्याने लॅपटॉप परत आपल्याकडे फिरवला. "अन् मागणी आली असं म्हटलं तं मंग काम करा लागते न."

माझ्याकडे दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहायला एक कागद असतो. त्यावर हे कुठे मांडावं ते मला त्या दिवशी कळलं नाही. बंगलोरला नकार गेला. मायने रथसप्तमीच्या हळदीकुंकवात प्रत्येकीला दोन-दोन वाणं दिली. भावाने सगळं ओळखलं आहे, हे तिला माहीत नव्हतं. आणि तिला ते माहीत नाही, हे सांभाळण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

मग उन्हाळाभर तो त्याच कामाला लागलेला होता. आमच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर मी पवनारला पाठवून दिला. त्याच्यावर नवं विंडोज चढत नव्हतं, तो नुसता धूळ खात होता. भावाने त्याच्यावर लिनक्स टाकलं आणि तो ओसरीवर खिडकीशी मांडला. गेम त्याच्यावर नीट चालला तर कुठेही चालेल, असं त्याचं म्हणणं.

तपासायला कोणीतरी सतत खेळणारं लागतं. बाबांनी साफ नकार दिला, म्हणाले सकाळी खरं केलं तेवढं पुरे. मग माय बसली. एका बोटाने कळ दाबायची, दुसऱ्या हाताने पदर सावरायचा. सांबार शिंपायला ती कधी विसरली नाही, पण विकायला फार वेळ लावायची. गेममध्ये घासाघीस करणारं एक टोपीवालं गिऱ्हाईक आहे. त्याच्याशी तिचं उभं वैर झालं.

"माय, त्याले देऊन टाक. मले पुढचं तपासाचं आहे," भाऊ म्हणायचा.

"त्याले मी नाई देत. कालही त्यानं असंच केलतं."

"अवं तो खरा नाई."

"खरा नाई तं एवढा भाव काऊन पाडते?"

मी रविवारी जायचे. तपासायच्या गोष्टींची यादी घेऊन बसायचे, झालं त्यावर खूण करायचे. आवाज झाला. अक्षरं झाली. जुड्या बांधणं झालं. भाऊ सकाळी मळ्यात, दुपारी कामाला. जेवायला माय-बाबांसकट तिघं एकत्र. कोणी "का चालू हाये?" असं विचारलं की तो थांबून सांगायचा, "लिनक्सचं काढून राह्यलो." विचारणारा मान डोलवायचा. निम्म्या गावाने ते मागितलेलं होतं, कोण कशाला पुढे विचारेल?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लिनक्सची आवृत्ती बाजारात आली. मामा वडनेरहून नारळ घेऊन आले. कॉम्प्युटरपुढे नारळ फुटला. मामा कुंकवाचं बोट घेऊन पडद्याकडे निघाले तेव्हा भाऊ मध्ये पडला.

"स्क्रीनले नको मामा!"

"मंग कुठं लावू?"

शेवटी माउसला लावलं. त्या दिवशी वडनेरच्या ऑनलाइनच्या दुकानात पुन्हा रांग लागली. ज्यांनी मागितलं होतं त्या सगळ्यांनी घेतलं. शब्द पाळायच्या बाबतीत आमची माणसं पक्की.

गेम विकणाऱ्या त्या साइटवर आम्हाला हेही दिसतं की घेतलेला गेम कोणी किती वेळा उघडला. वडनेरच्या सगळ्या नावांपुढे शून्य. पवनारच्या नावांपुढे शून्य. भाऊ म्हणाला, "मोठ्या जावेचा पंप." ते आम्हाला अपेक्षितच होतं. आम्ही त्यावरही हसलो.

आम्ही वाट बघत होतो ती त्या दोघांची, ज्यांनी पहिल्यांदा, कोणीही न सांगता, विचारलं होतं. त्यांतला एक कधीच फिरकला नाही. दुसऱ्याचं पत्र आठवडाभरात आलं. चांगलं, सविस्तर, आदराने लिहिलेलं पत्र होतं. मी ते दुकानात उघडलं आणि खत मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून दोनदा वाचलं. त्याने लिहिलं होतं की तुम्ही एवढी मेहनत घेतलीत, मनापासून आभार. मात्र मध्यंतरी मी विंडोजची प्रत त्या मधल्या सॉफ्टवेअरवर चालवून बघितली, ती उत्तम चालते. तुमच्या नव्या आवृत्तीत कधी कधी पुलावर पाऊस आला की ऑटो जागीच थांबतो, पुढे जात नाही. म्हणून मी परत जुन्या प्रतीकडे गेलो आहे. माझ्यासाठी अधिक त्रास घेऊ नये.

रविवारी मी ते ओसरीवर वाचून दाखवलं. न वाचून चाललं नसतं, तक्रारींची यादी मीच ठेवते. भाऊ ऐकत राहिला. बाबा म्हणाले, "म्हणजे त्याची मोटर कन्डेन्सरवर बरी चालून राह्यली?"

"हो बाबा."

"जळली नाई?"

"नाई."

"मंग आपण वाइंडिंग कायले केलं?"

त्यांच्या मनात टोमणा नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. मी पावसाची तक्रार यादीत चढवली.

भाऊ त्या पावसाच्या मागे लागला. त्याच्या लॅपटॉपवर पाऊस यायचा आणि ऑटो सुखरूप पूल ओलांडायचा. ओसरीवरच्या कॉम्प्युटरवर कधी ओलांडायचा, कधी नाही. मी तक्ता केला. ऑटोत माल किती, पाऊस हलका की जोराचा, आधी सांबार शिंपला होता की नाही, कॉम्प्युटर तापलेला की नुकताच सुरू केलेला. तक्ता भरत गेला. त्यातून काहीच निघालं नाही. गणपती आले, गेले. दसरा झाला. तो कोडची एक ओळ बदलायचा, माय खेळायची, ऑटो पुलावरून जायचा, आम्ही श्वास सोडायचो आणि दुसऱ्या दिवशी ऑटो पुन्हा पुलावर उभा. मी त्याच्या शेजारी बसून असायचे. मला कोड कळत नाही. खताच्या गोण्या कुठे कमी पडल्या ते मी डोळे मिटून सांगू शकते, पण तिथे मला फक्त खूण करायची चौकट दिसायची आणि ती रिकामीच राहायची.

दिवाळीनंतर बंगलोरवाल्यांचा पुन्हा फोन आला. आधीची जागा भरली होती, तिच्या खालची एक रिकामी होती. त्याने हो म्हटलं. या वेळी बैठक झाली नाही. विषय काय लिहिला असता?

सेवाग्राम स्टेशनवर गाडीची वाट बघताना तो मला म्हणाला, "ती पावसाची तक्रार यादीत राहू दे. खोडू नको. सवड भेटली का पाहीन."

"राहू देतो," मी म्हटलं.

माय बाबांबरोबर जरा पलीकडे उभी होती, डब्याची पिशवी धरून. गाडी यायच्या आधी ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आता का मागा लागते ते सांग. मी लोकाईले सांगतो."

गाडी आली.

आता नागपूर-अमरावतीकडची गेम करणारी मंडळी कधी कधी मला फोन करतात. कुठून तरी ऐकलेलं असतं की तुम्ही लिनक्सचं काढलं होतं, परवडतं का? मी त्यांना नेमकं सांगते. गेम करतानाच दोन्हींकडे चालेल असा केला असेल तर जरूर काढा. नंतर मुद्दाम करायचा असेल तर नका काढू, त्या मधल्या सॉफ्टवेअरवर तो नीट चालतो एवढं तपासा आणि तसं पानावर स्पष्ट लिहा. वेगळी आवृत्ती काढलीच तर मागाहून दुरुस्त करायला माणूस घरी राहणार आहे का, ते आधी बघा. ते आभार मानतात. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आमच्याकडे जेवायला तिघं एकत्र बसत होते, हे मी त्यांना सांगत नाही. ते त्यांच्या कामाचं नाही.

ओसरीवरचा कॉम्प्युटर तिथेच आहे. मी परत न्यायला गेले होते, दुकानात बिलासाठी उपयोगी पडला असता. मायने हात लावू दिला नाही. आता ती रोज सकाळी देवपूजा झाली की बसते, सांबार उपटते, टोपीवाल्याला हाकलते आणि पुलावर येते. पाऊस आला की बहुतेक वेळा ऑटो थांबतो. ती थोडा वेळ बघत राहते, मग बंद करून पहिल्यापासून सुरू करते. वडनेर-पवनारच्या आमच्या सगळ्या लिनक्सवाल्यांत शून्य नसलेलं नाव तेवढं एक आहे.

मागच्या महिन्यात मी तिला म्हटलं, "फोनवर सांग न त्याले, ऑटो अजून थांबते म्हणून."

"फोनवर सांगितलं तं म्हणते, पाहतो माय. अन् आवाज असा येते का मलेच कसंतरी होते. तू लेखी दे."

"लेखी?"

"वडनेरवाल्याइनं दिलतं न, तसंच. विषय, महोदय, समदं. त्याईच्याकडे तं नवतं, माह्याकडे हाये. खरं लिनक्स हाये. खरी तक्रार हाये." मग जरा विचार करून तिने विचारलं, "सातबारा जोडा लागन का?"

अर्ज मी लिहायला घेतला. "प्रति, मा. व्यवस्थापक साहेब, लिनक्स विभाग. विषय : पुलावर पाऊस आला असता ऑटो बंद पडत असलेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून" इथपर्यंत झाला आहे. पुढचं मला लिहिता येत नाही असं नाही. पण तो पानावर टाकला की त्याला दिसणार. मग तो दिवसभराचं ऑफिस करून त्या पावसाच्या मागे लागेल आणि त्याला ते सापडणार नाही. किंवा सवड नाही म्हणून कळवेल, आणि ते मला ओसरीवर वाचून दाखवावं लागेल. दर रविवारी माय विचारते, दिला का? मी म्हणते, देतो.

आजची यादी : मळ्यातल्या मोटरचं वाइंडिंग करून आणणे, मोठ्या जावेकडून तो पंप बाबांसाठी मागून घेणे, मायचा अर्ज टाकणे. पहिली दोन कामं दुपारपर्यंत झाली.